वसई, विना मुक्काम

साल १६७५, माघ उतरणीला लागलाय. मचव्यातून उतरताना चपला हातात घ्या, चिखल घोट्यापर्यंत आहे. होडीशिवाय इथं यायची सोय नाही. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हासची खाडी, पूर्वेला सोपाऱ्याची चिंचोळी खाडी आणि पश्चिमेला दर्या, अशी वसई अजून चहूबाजूंनी बेट आहे. रेल्वे यायला जवळजवळ दोनशे वर्षं बाकी आहेत, तेव्हा लोकल चुकायची धास्ती नको.

खाडीपलीकडे साष्टी, तिच्या खाली मुंबई. ही मुंबई पोर्तुगालच्या राजकन्येच्या हुंड्यात इंग्रजांकडे गेली, पण त्याचं इथं फारसं कुणाला सुतक नाही. शहर म्हणावं तर वसईच: पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ मध्ये हे बेट त्यांना तोडून दिलं, तेव्हापासून तट वाढतोच आहे.

दर्याकडच्या दरवाजातून आत शिरा आणि मान वर करून चाला. दुमजली घरं, छपराखालचे सज्जे आणि खिडक्या. त्या खिडक्यांशी जरा थांबाच. तावदानं काचेची नाहीत. पातळ, चपटे शिंपले चौकोनी कापून लाकडी जाळीत बसवलेत. बाहेरून पाहिलं तर आतलं काही दिसत नाही, आत मात्र दुधाळ उजेड पडतो आणि ऊन लागत नाही. मुंबईचा इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याच साली इथं येऊन गेला, त्यानंही या खिडक्या टिपून ठेवल्यात. आता बाजूला व्हा, पालखी येतेय. आत एक फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार, आहे. खांदा देणाऱ्यांकडे तो बघतही नाही.

संत जोसेफाच्या मोठ्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारावर १६०१ कोरलंय. मूळ देऊळ त्याहून जुनं, त्या साली ते वाढवलं. मनोऱ्याचा गोल जिना अरुंद आहे, पण चढा. वरून तट, माडांची दाटी आणि खाडीतली गलबतं एका नजरेत येतात. खाली जेझुइटांचं देऊळ दिसतं. त्यांच्याच शाळेत गोन्सालो गार्सिया शिकला: बाप पोर्तुगीज, आई इथलीच. १५९७ मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं. या वसईकर पोराच्या नावानं आता लोक प्रार्थना करतात.

भूक लागली असेल. पाव मिळेल, वडा मागू नका. केळी आणि ऊस मात्र पोटभर.

दुपारी जमिनीकडच्या दरवाजानं बाहेर पडा. बागा सुरेख आहेत, पण तटाबाहेरच्या देवळांचे हाल बघा. गेल्याच वर्षी मस्कतचे सहाएकशे अरब चाचे किनाऱ्यावर उतरले आणि तटाबाहेरचं एकही देऊळ त्यांनी सोडलं नाही. शिबंदी दरवाजे लावून आत बसून राहिली. त्यातच राज्याभिषेक झालेल्या शिवाजीराजांचे पेशवे मोरोपंत कल्याणला येऊन चौथाई मागून गेलेत. एवढ्या जाड भिंती, आणि आतला माणूस घाबरलेला. मला तरी या शहराची हीच खरी ओळख वाटते.

दिवस कलला की मुकाट्यानं निघा. रात्री तटाच्या आत फक्त ख्रिस्ती माणसानं झोपायचं. दिवसभर आत दुकान मांडणाऱ्या इथल्या व्यापाऱ्यालाही तिन्हीसांजेला बाहेर काढतात. वसईचं वैभव म्हणून आपण जे कौतुकानं सांगतो, त्यात बिगरख्रिस्ती वसईकराला मुक्काम नव्हता, हेही सोबत सांगायला हवं.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी हा किल्ला घेतला आणि देवळांच्या घंटा देशावर गेल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा त्यांतलीच मानतात. तिच्यावर १७२१ साल आहे, म्हणजे तुमच्या आजच्या फेरीत ती ओतलेलीही नव्हती. वसईत जिना चढलात, तर पुढच्या सुट्टीत गोदाकाठी जाऊन तिच्यावरचा आकडाही वाचून या.