टॅलेक्वा गावचं गणित मंडळ

डिसेंबरची वीस तारीख उलटली की माझ्या व्हॉट्सॲपवर कॉलेजांच्या प्रेसनोट यायला लागतात. २२ डिसेंबर म्हणजे रामानुजन यांची जयंती. २०१२ पासून आपण हा दिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळतो. तालुक्याचा बातमीदार म्हणून या प्रेसनोट मी वर्षानुवर्षं छापत आलोय. अध्यक्ष कोण, प्रमुख पाहुणे कोण, दीपप्रज्वलन कुणी केलं, सूत्रसंचालन कुणी केलं, आभार कुणी मानले, सगळं असतं. मागे एकदा एका कॉलेजच्या सरांना फोन करून विचारलं, "सर, कार्यक्रमात गणित कुठलं झालं?" सर हसले. म्हणाले, "अहो, वेळच उरला नाही."

त्यावरून शोधत गेलो आणि एक गोष्ट सापडली. ती लांबची आहे, अमेरिकेतली, पण गाव आपल्यासारखंच छोटं आहे. म्हणून सांगतो.

गावाचं नाव टॅलेक्वा. ओक्लाहोमा राज्याच्या पूर्व भागात आहे. हे गाव १८३९ पासून चेरोकी या मूळनिवासी लोकांची राजधानी. ती का झाली, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चेरोकी मूळचे जॉर्जिया आणि आसपासचे. १८३० साली अमेरिकी संसदेनं मूळनिवासींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवायचा कायदा केला. १८३८-३९ मध्ये लष्कर लावून चेरोकींना घराबाहेर काढलं आणि शेकडो मैल चालवत पश्चिमेला नेलं. वाटेत आणि छावण्यांत अंदाजे चार हजार माणसं मेली. इतिहासात या वाटेला 'अश्रूंची वाट' म्हणतात.

एवढं सोसून आलेल्या या लोकांनी बारा वर्षांत काय केलं? मुलींची शाळा काढली. १८५१ साली, टॅलेक्वाजवळ पार्क हिल इथं, स्वतःच्या सरकारच्या पैशानं. आपल्याकडे भिडे वाड्यातली शाळा १८४८ ची. म्हणजे साधारण एकाच काळात पृथ्वीच्या दोन टोकांना हे चाललं होतं. चेरोकी मुलींची ती शाळा १८८७ साली जळाली. त्यांनी पुन्हा टॅलेक्वात लाल विटांची मोठी इमारत बांधली आणि १८८९ मध्ये शाळा परत सुरू केली.

मग १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झालं. १९०९ मध्ये राज्यानं ती इमारत विकत घेतली आणि तिथं शिक्षक घडवणारं सरकारी कॉलेज सुरू केलं. आज त्याचंच नॉर्थईस्टर्न स्टेट युनिव्हर्सिटी झालंय. ती जुनी इमारत अजून उभी आहे.

आता आपल्या विषयाकडे येऊ.

१९३० च्या सुमारास या कॉलेजात एमिली कॅथरिन वायंट नावाच्या बाई गणित शिकवायला आल्या. १९२९ साली मिसूरी विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएच.डी. केली होती. त्या काळी ही किती दुर्मिळ गोष्ट होती बघा. १९४० च्या आधी अख्ख्या अमेरिकेत गणितात पीएच.डी. मिळवलेल्या बायकांची संख्या अभ्यासकांनी मोजली, ती भरते २२८. त्यांतल्या या एक.

अमेरिकेत हुशार विद्यार्थ्यांच्या मानाच्या संस्था असतात. नावं ग्रीक अक्षरांची. ही पद्धत १७७६ पासूनची, 'फाय बीटा कप्पा'पासून सुरू झालेली. गणितासाठी 'पाय म्यू एप्सिलॉन' ही संस्था होती. तीही एका कॉलेजच्या साध्या गणित क्लबातूनच निघाली. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात १९०३ पासून गणित क्लब होता, १९१४ साली त्याची नोंदणीकृत संस्था झाली. वायंट बाई तिच्या सभासद होत्या. पण तिचा पसारा मोठ्या विद्यापीठांत. खेड्यातल्या शाळेत मास्तर होणाऱ्या पोरापोरींनी गणितात कितीही चमक दाखवली तरी त्यांच्यासाठी तसं काही नव्हतं.

बाईंचा सवाल साधा होता. यांना का नाही?

कॉलेजात गणिताचा क्लब होताच. सहकाऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना हाताशी धरून बाईंनी नियम लिहिले, घटना तयार केली आणि १८ एप्रिल १९३१ ला 'कप्पा म्यू एप्सिलॉन' ही संस्था स्थापन झाली. टॅलेक्वाची शाखा पहिली, म्हणून तिचं नाव ओक्लाहोमा अल्फा. साल लक्षात घ्या. १९२९ च्या शेअर बाजार कोसळण्यानंतरची महामंदी चालू होती. अशा वेळी एका छोट्या कॉलेजातली माणसं म्हणत होती की आम्ही देशपातळीची संस्था काढतोय. हसण्यावारी न्यावं असंच होतं ते. पण महिना-दीड महिन्यात आयोवातल्या एका शिक्षक कॉलेजात दुसरी शाखा निघाली, पुढच्या वर्षी कॅन्ससमध्ये. १९३३ चं पहिलं अधिवेशन टॅलेक्वातच भरलं. पहिल्या राष्ट्रीय अध्यक्ष वायंट बाईच.

सभासद व्हायला अटी आहेत. गणिताचे निदान तीन कोर्स, त्यात कॅल्क्युलस हवंच, गणितात चांगली श्रेणी आणि एकूण वर्गात वरच्या ३५ टक्क्यांत नंबर. समारंभ होतो, प्रमाणपत्र मिळतं. इथपर्यंत आपल्या सत्कारासारखंच. फरक त्यानंतर सुरू होतो. अधिवेशनात विद्यार्थी स्वतः उभे राहून आपला गणिताचा निबंध मांडतात. १९४१ पासून संस्थेचं 'द पेंटॅगॉन' नावाचं नियतकालिक निघतं. त्यात विद्यार्थ्यांचे लेख असतात, सोडवायला कोडी असतात, आणि शाखाशाखांच्या बातम्या असतात. कुठल्या शाखेत कुणी कशावर भाषण दिलं, नवे पदाधिकारी कोण. अगदी आपल्या तालुका पानासारख्या. मला तर वाचताना घरचीच आठवण झाली.

त्यांच्या बिल्ल्यावर फूल आहे, तेही गणिताचं. पाच पाकळ्यांचा गुलाब, आणि त्याचं समीकरण: आर बरोबर ए साइन पाच थीटा. गंमत अशी की पाचाच्या जागी तीन घातले तर तीन पाकळ्या येतात, पण चार घातले तर चार नाही, आठ येतात. विषम आकड्याला तेवढ्याच पाकळ्या, सम आकड्याला दुप्पट. का? घरात बारावी सायन्सचं कुणी असेल तर आज रात्री जेवताना विचारा.

आता ही गोष्ट इथंच संपवली तर ती अर्धीच होईल. मानाची यादी वाचताना, यादीत कोण आहे यासोबत दारातच कोण अडलं हेही बघायला लागतं.

१९३१ साली ओक्लाहोमात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला या कॉलेजात प्रवेशच नव्हता. राज्याच्या घटनेत व्याख्या होती: आफ्रिकन वंशाचे ते 'कलर्ड', बाकी सगळे 'गोरे'. म्हणजे ज्यांची जमीन हिसकावली ते चेरोकी कागदावर गोरे आणि वर्गात बसायला मोकळे. कृष्णवर्णीयांसाठी लँग्स्टनला वेगळं कॉलेज. १९४८ साली जॉर्ज मॅक्लॉरिन नावाच्या कृष्णवर्णीय शिक्षकाला डॉक्टरेटसाठी ओक्लाहोमा विद्यापीठात कोर्टाच्या आदेशानं प्रवेश मिळाला. आधीच एम.ए. झालेला माणूस. त्याला वर्गाशेजारच्या कोनाड्यात बसवलं. लायब्ररीत वेगळं टेबल, जेवायला वेगळं टेबल. १९५० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हे चालणार नाही. वरच्या ३५ टक्क्यांत यायला आधी शंभरात मोजलं जावं लागतं. त्या पोरांना मोजलंच नव्हतं.

वायंट बाई १९४२ साली गेल्या. त्यांनी एक दार उघडलं, दुसरं बंदच राहिलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगितलं पाहिजे.

आपल्याकडे काय? आपल्या गावच्या कॉलेजात कायद्यानं दार कुणाला बंद नाही. पण गणिताची जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही, तासिका तत्त्वावरचे सर दोन कॉलेजं करून एसटीनं घरी जातात, आणि एखाद्या वाडीवरची पोर आपल्याला गणित आवडतं हे कुणाला न सांगताच बी.ए.ला जाते. तिला कुणी अडवलेलं नसतं. तिला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच. मोजायचं राहून जातं ते असं.

गणिताला प्रयोगशाळा लागत नाही. फळा, खडू आणि महिन्यातला एक तास पुरतो. टॅलेक्वाच्या लोकांकडे मंदीच्या वर्षात याहून फार जास्त काही होतं असं वाटत नाही.

म्हणून माझ्या भागातल्या सगळ्या प्राध्यापक मंडळींना हात जोडून विनंती. यंदा प्रेसनोटमध्ये पाहुण्यांची नावं दोन कमी करा. त्याऐवजी कुठल्या पोरीनं किंवा पोरानं फळ्यावर कुठलं गणित मांडलं, ते चार ओळींत लिहून पाठवा. नाव, गाव आणि गणित. चौकटीत छापायची जबाबदारी माझी.