मसादाचे बीज: दोन हजार वर्षे कोरडे, तरीही जिवंत

१/ एकोणिसाव्या शतकात युरोपात एक आख्यायिका रूढ होती: इजिप्तच्या थडग्यांतील गहू पेरला, तर उगवतो. या ‘ममीच्या गव्हा’चा व्यापारही चाले. परीक्षणात मात्र खरोखर प्राचीन असलेले दाणे निर्जीवच निघाले. मग दोन हजार वर्षांचे बीज उगवणे अशक्यच मानावे काय?

२/ उत्तर मृत समुद्राकाठच्या मसादा दुर्गात दडले होते. राजा हेरोदच्या या किल्ल्याचे उत्खनन यिगाएल यादिन यांनी १९६३ ते १९६५ दरम्यान केले. तेथील खजुराच्या बिया पुढे चाळीस वर्षे संग्रहात पडून राहिल्या.

३/ २००५ साली सारा सॅलन यांच्या पुढाकाराने इलेन सोलोवे यांनी त्यांतील तीन बिया पेरल्या. एक रुजली! बायबलमधील दीर्घायुषी पुरुषावरून रोपाचे नाव ठेवले ‘मेथुसेलाह’.

४/ पण पुरावा काय? मुळांना चिकटलेल्या कवचाच्या तुकड्यांचे रेडिओकार्बन कालमापन झाले. बीज सुमारे २००० वर्षांपूर्वीचेच ठरले. ममीच्या गव्हापाशी नेमका असा पुरावा नव्हता.

५/ पाणी गेले की पेशींची पटले एकमेकांना चिकटून फाटतात आणि प्रथिनांची घडी विसकटते. पक्व होणारे बीज याची तयारी आधीच करते. अ‍ॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाच्या इशाऱ्याने त्यात सुक्रोज व रॅफिनोजसारख्या शर्करा साठतात. पाणी उरत नाही, तेव्हा पेशीद्रव स्फटिक न बनता काचेसारखे घट्ट होते. रेणूंची हालचाल अतिमंद होते, आणि तिच्याबरोबर नासाडीही.

६/ सोबतीला ‘एलईए’ प्रथिने असतात. लिओन ड्यूर यांनी १९८१ मध्ये कपाशीच्या बियांच्या अभ्यासातून ती पुढे आणली. पाण्यात ती बहुतांशी आकारहीन असतात; कोरडी होताना त्यांना घडी येते आणि ती पटलांना व इतर प्रथिनांना सावरतात.

७/ हे वरदान सर्वांना नाही. आंबा व फणसाच्या बिया वाळल्या की मरतात. काचेलाही शत्रू आहेतच: ओलावा आणि उष्णता तिला मऊ करतात. मसादाची हवा उष्ण खरी, पण विलक्षण कोरडी होती.

८/ मेथुसेलाह नर निघाला. तशाच प्राचीन बीजापासून वाढवलेल्या ‘हॅना’ या मादी झाडाला त्याचे पराग दिले गेले, आणि २०२० साली खजूर आले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला चाखता येईल असे साधन क्वचितच हाती लागते!