कोणी न जपलेल्या गाड्या

दसऱ्याच्या संध्याकाळी निपाणी, चिकोडी, संकेश्वर या बाजूची पुष्कळ मंडळी सोने लुटण्याचा सोहळा पाहण्यासाठी कोल्हापूरच्या दसरा चौकात जातात. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार चौकात आली की गर्दीत एक लहर उठते आणि मुले बापाच्या खांद्यावर चढून ती पाहतात. वाहन जपावे, घासूनपुसून वर्षातून एकदा लोकांपुढे आणावे, ही रीत या मुलखाला परकी नाही. परंतु पुणे–बंगळूर रस्त्याने तवंदीचा घाट उतरत ज्या गाड्यांनी आजारी माणसे कोल्हापूर, मिरज वा बेळगावच्या इस्पितळांत पोचविली, आणि त्यांपैकी काहींना निश्चल अवस्थेत परत आणले, त्या गाड्यांभोवती अशी गर्दी कधी जमत नाही.

मोटार येण्यापूर्वी या भागातील रोगी बाजेवर चौघांच्या खांद्यावरून किंवा बैलगाडीत कडब्यावर घोंगडे अंथरून नेला जाई. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेस मिशनचे इस्पितळ काढले आणि दक्षिण महाराष्ट्रातील रोग्यांना शस्त्रक्रियेचा आधार झाला. तरी तेथवर पोचेपर्यंत रोगी निम्मा झालेला असे. त्यातच १८९७ चा साथरोगाचा कायदा आला. प्लेगच्या रोग्यास घरातून जबरीने हलविण्याचा अधिकार सरकारला मिळाला. रँडसाहेबाच्या अमलात पुण्यात काय घडले ते सर्वश्रुत आहे. बेळगाव–धारवाडकडेही प्लेगने पुढे अनेक वर्षे ठाण मांडले. रोग्याला न्यायला आलेली गाडी ही सुटकेची नसून ताटातुटीची, ही समजूत तेव्हा लोकांच्या मनात घर करून बसली. ती पुरती गेली आहे, असे आजही म्हणवत नाही.

गाडी नसणे म्हणजे काय, हे मात्र या भागातील घरांना पहिल्या महायुद्धाने शिकविले. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव या टापूतून भरती झालेल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे लढाई झाली आणि हिंदी व इंग्रज मिळून चार हजारांवर माणसे मेली वा जखमी झाली. जखमींसाठी मोटारी नव्हत्या. रसद वाहण्याच्या दुचाकी खेचरगाड्या होत्या. त्यांना स्प्रिंगा नव्हत्या. मांडी मोडलेला शिपाई अशा गाडीत घालून वाळवंटातून टायग्रिसच्या काठावरील बोटींपर्यंत न्यायचा. पुष्कळांनी त्या गाडीत पडण्यापेक्षा सरपटत जाणे पत्करले. या हेळसांडीचा बोभाटा विलायतेत झाला, चौकशीसाठी आयोग बसला, आणि १९१७ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध होताच भारतमंत्री ऑस्टिन चेंबर्लेन यांना पद सोडावे लागले. खेचरगाडीला स्प्रिंगा नाहीत, या कारणापायी साम्राज्याचा मंत्री पायउतार व्हावा, असे इतिहासात वारंवार घडत नाही! मोटार-रुग्णवाहिका त्या आघाडीवर पुढे आल्या खऱ्या; टेसिफॉनच्या जखमींना त्यांचा काही उपयोग नव्हता. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातील स्मारकाला शरकत हे नाव आहे, ते त्याच मेसोपोटेमियातील १९१८ च्या लढाईचे.

वास्तविक मोटार-रुग्णवाहिका त्या वेळी नवी नव्हती. १८९९ साली अमेरिकेत शिकागोच्या एका इस्पितळाला तेथील व्यापाऱ्यांनी विजेवर चालणारी रुग्णवाहिका भेट दिली होती. हिंदुस्थानात १९२८ मध्ये मुंबईस शिवडी येथे जनरल मोटर्सचा जोडणी-कारखाना सुरू झाला, आणि १९४७ नंतर प्रीमियर, महिंद्र व हिंदुस्थान मोटर्सच्या गाड्या रस्त्यावर आल्या. इस्पितळासाठी वेगळी गाडी बांधण्याची ऐपत थोड्यांनाच होती. म्हणून साधी मोटार किंवा जीप घ्यायची, मागची आसने काढायची, स्ट्रेचर बसवायचे, पांढरा रंग देऊन वर दिवा लावायचा, असा प्रघात पडला. अँबॅसडर अशी वापरली गेली, पुण्याच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर वापरली गेली, आणि १९८४ च्या अखेरीस आलेल्या मारुती व्हॅनने तर लहान गावांतील खाजगी दवाखान्यांचे हे काम जवळजवळ आपल्याच अंगावर घेतले. ८०० सी.सी.चेही नव्हे असे तिचे इंजिन, आणि छत इतके ठेंगणे की रोग्याजवळ बसलेल्या नातेवाइकाला मान वर करता येत नसे. परंतु अरुंद बोळात ती दारापर्यंत जाई. हा गुण ज्यांच्या घरी मध्यरात्री गरज पडली आहे, त्यांनाच कळावा.

शववाहिकेची कथा निराळी आहे. ती या भागात उशिरा आली, आणि त्याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हे. खांदा देणे हे नात्याचे आणि शेजारधर्माचे अखेरचे कर्तव्य. ते चाकांवर सोपविणे लोकांना रुचत नव्हते. लिंगायत समाजात मृताला बसत्या स्थितीत सजविलेल्या विमानातून नेतात; त्या विमानाला मोटारीची बैठक कशी जुळावी? पुढे शहरे पसरली, स्मशाने दूर पडली, खांदेकरी कामाधंद्याला पांगले, आणि नगरपालिकांच्या व सेवाभावी मंडळांच्या गाड्या आल्या. त्यांवर ‘वैकुंठरथ’, ‘स्वर्गरथ’ अशी नावे रंगविली गेली. जिवंत माणसाला नेणारीचे नाव लोकांच्या तोंडी इंग्रजीच राहिले. मराठीतले सुंदर शब्द मात्र दुसरीच्या वाट्याला आले.

अमेरिकेत या दोन गाड्या पुष्कळदा एकच असत. माणूस आडवा मावेल एवढी लांब मोटार अंत्यविधी करणाऱ्या पेढीकडेच असे. म्हणून छोट्या गावांत तीच रोग्यालाही नेई. १९७० च्या दशकात रुग्णवाहिकांविषयी कडक नियम झाले, कॅडिलॅकवर बांधलेल्या या गाड्या मागे पडल्या, आणि त्या नाहीशा होत आहेत हे पाहून १९७६ साली तेथील शौकिनांनी त्या जपण्यासाठी संस्था काढली. १९८४ च्या ‘घोस्टबस्टर्स’ या चित्रपटात भुते पकडणाऱ्यांची गाडी म्हणून १९५९ ची तसलीच कॅडिलॅक झळकली. अशी गाडी आपल्या अंगणात उभी करायला सीमाभागातील कोणी तयार होईल का? बेळगावात सदाशिवनगरच्या स्मशानभूमीत ६ डिसेंबरला अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम होतो, माणसे तेथेच जेवतात, रात्र काढतात. स्मशानाची भीती घालवण्यासाठीही अजून असा प्रयत्न करावा लागतो.

परंतु अपशकुनापेक्षा मोठी अडचण आता कायद्याची आहे. सरकार, स्थानिक संस्था व सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू राहत नाही. ती मोडीत काढावी लागतात. उलट २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ हा मान मिळण्यास गाडीला पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात, तिचा वापर खाजगी असावा लागतो, आणि सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. राजवाड्यातील मोटार या कसोटीला सहज उतरते. तालुक्याच्या इस्पितळाची गाडी पंधराव्या वर्षी भंगारात जाते. पुढची पस्तीस वर्षे तिला थांबायला जागाच नाही. मागची आसने काढून स्ट्रेचर बसविलेली गाडी ‘मूळ रूपात’ आहे, हे तरी कोणापुढे कसे सिद्ध करायचे? प्रदूषण आणि सुरक्षितता यांचे मोल कोणी नाकारणार नाही. रस्त्यावर त्या गाड्या नकोतच. पण चाके ठोकून एका छपराखाली उभी ठेवलेली गाडी धूर सोडत नाही. संरक्षणाच्या कामातील वाहने या पंधरा वर्षांच्या नियमातून वगळलेली आहेत. इस्पितळांच्या वाट्याला तसा अपवाद आलेला नाही.

कर्नाटकात १०८ क्रमांकाची सेवा १ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झाली, महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. क्रमांक एक, यंत्रणा दोन. कोगनोळीच्या नाक्यापाशी त्यांची हद्द लागते. के.ए. २३ पाटीची गाडी कोल्हापूरच्या सी.पी.आर. इस्पितळाच्या दारात उभी राहिली, तर निपाणीकराला त्यात नवल वाटत नाही. १९५६ पूर्वी निपाणी आणि बेळगाव मुंबई राज्यात होती; त्यानंतर राज्य बदलले, पण रोग्यांनी जवळच्या इस्पितळाची वाट सोडली नाही. त्या वाटेचा सर्वांत विश्वासू पुरावा कोणत्याही आयोगाच्या दप्तरात नसून सरकारी गाडीच्या चालकाजवळील लॉगबुकात असतो. कोणत्या तारखेस, किती वाजता, कोठून कोठे, किती किलोमीटर, कशासाठी, हे त्यात रोज लिहावे लागते. गाडीचा लिलाव होतो तेव्हा भंगारवाला पत्र्याचे वजन करतो, इंजिन वेगळे काढतो, टायर एका बाजूला रचतो. लॉगबुक मात्र कार्यालयाच्या कपाटात पडून राहते, आणि ठेवण्याची मुदत संपली की रद्दीत जाते.