शेवटच्या रांगेपर्यंत

सन १७३९ मधील गोष्ट. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत जॉर्ज व्हाइटफील्ड नांवाचे इंग्रज धर्मोपदेशक कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे राहून प्रवचन करीत होते. श्रोत्यांत बेंजामिन फ्रँक्लिन होते, आणि त्यांचें लक्ष प्रवचनापेक्षां आवाजाकडे अधिक होतें. शब्द कोठवर स्पष्ट ऐकूं येतात हें पाहण्यासाठीं ते नदीच्या दिशेनें मागें मागें सरकत गेले. फ्रंट स्ट्रीटजवळ रहदारीच्या गलबल्यांत शब्द बुडाले. तेवढ्या त्रिज्येचें अर्धवर्तुळ कल्पून आणि दर माणशीं दोन चौरस फूट जागा धरून त्यांनीं हिशेब केला, तेव्हां ३०,००० हून अधिक लोकांना हा आवाज पुरेल असें उत्तर निघालें.

मनुष्यकंठाची ही परिसीमाच म्हणावयाची. आपल्या संगीत नाटकांतील नटांनीं ध्वनिक्षेपकावांचून पिटापासून गॅलरीपर्यंत पदें पोंचविलीं, तीही त्याच जातीची तपश्चर्या. परंतु तपश्चर्या सर्वांना साधत नाहीं. ज्याचा कंठ दुबळा, त्याचा विचार कितीही मोलाचा असला तरी पुढच्या चार रांगांतच विरून जाई. ही उणीव भरून काढण्याची खटपट म्हणजे ध्वनिवर्धकाचा इतिहास. आणि त्यांतील मुख्य धडा असा कीं, आवाज मोठा करणें व शब्द पोंचविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

लोहचुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें वेटोळें टांगून विजेनें तें हलवावें, ही कल्पना जर्मनीच्या अर्न्स्ट सीमेन्स यांनीं १८७४ सालींच नोंदविली होती. ती सभेच्या कामीं आणली पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या जोडीनें. कॅलिफोर्नियांतील नापा गांवीं त्यांचे प्रयोग चालत. १९१५ सालीं त्यांनीं अशा वेटोळ्यानें हलणाऱ्या पडद्यापुढें ग्रामोफोनसारखा कर्णा बसविला. आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबर रोजीं सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर हजारों लोकांना त्यांतून संगीत व भाषण ऐकविलें. पुढें १९ सप्टेंबर १९१९ रोजीं अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनीं सॅन डिएगो येथें सुमारें ५०,००० श्रोत्यांपुढें याच साधनानें भाषण केलें. फ्रँक्लिनच्या हिशेबाची मर्यादा त्या दिवशीं ओलांडली गेली.

कर्णाच कां, असा प्रश्न साहजिक आहे. हवा इतकी हलकी कीं उघड्या पडद्याला तिच्यावर पकड मिळत नाहीं. त्याला दिलेल्या विजेचा शेंकडा एक-दोन भागच ध्वनींत उतरतो, बाकीची उष्णता होऊन वायां जाते. कर्ण्याच्या अरुंद गळ्यांत हवेचें ओझें पडद्यावर नीट बसतें आणि तेथून हळूहळू रुंदावत जाणाऱ्या मार्गानें तोच जोर मोकळ्या हवेच्या हवालीं होतो. चांगल्या कर्ण्यानें हें प्रमाण शेंकडा वीस-तीसपर्यंत चढतें. विजेचा एकेक वॅट महाग होता त्या काळीं ही मोठीच काटकसर होती. १९२६ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेंतील वेंटे आणि थुरास यांनीं हलक्या ॲल्युमिनियमच्या पडद्याचा आणि त्यापुढें चिंचोळी पोकळी असलेला ड्रायव्हर बनविला, आणि बोलपटांना वाणी मिळाली.

परंतु लवकरच एक अडचण उभी राहिली. सेकंदास ५० कंपनें असलेल्या खर्ज स्वराची लहर सुमारें २२ फूट लांब असते. ५,००० कंपनांची लहर तीन इंचांहूनही आंखूड. एकच कर्णा दोघींना कसा मानवावा? तेव्हां काम वांटून देण्यांत आलें. २७ एप्रिल १९३३ रोजीं फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाचें वादन तारेनें वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्यें आणलें गेलें. तेथें लिओपोल्ड स्टोकोव्स्की नियंत्रणाच्या बटनांशीं बसले होते, आणि हार्वे फ्लेचर यांच्या सहकाऱ्यांनीं खालच्या व वरच्या स्वरांसाठीं वेगळे कर्णे उभे केले होते. तीक्ष्ण स्वर किरणासारखे सरळ जातात, बाजूच्या श्रोत्याला मिळत नाहींत. म्हणून वरच्या कर्ण्याचें तोंड अनेक कप्प्यांत विभागून पसरट केलें होतें.

हीच योजना हॉलिवुडच्या थिएटरांसाठीं तपासूं लागतांच नवा दोष दिसला. पडद्यावरील नर्तिकेच्या बुटाचा एक ठोका दोन होऊन ऐकूं येई! खर्जाचा कर्णा दुमडलेला आणि लांब, वरचा आंखूड. ध्वनीला आठ फूट अधिक चालावें लागलें, तर सुमारें सात सहस्रांश सेकंदांचा उशीर होतो, आणि कान तो ओळखतो. डग्लस शिअरर, जॉन हिलिअर्ड, जेम्स लान्सिंग प्रभृतींनीं खर्जाचा कर्णा आंखूड करून दोघांची चाल जुळविली. १९३६ सालच्या या कामाला अकादमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें. आजचे मोठे ध्वनिवर्धक याच घराण्यांतले.

आतां मुख्य मुद्दा. साप, ताप, चाप, काप हे शब्द उच्चारून पाहा. स्वर चौघांत एकच. अर्थ बदलतो तो पहिल्या व्यंजनानें. आवाजाचा जोर बहुतांशीं स्वरांत, म्हणजे खालच्या कंपनांत असतो. अर्थ मात्र स, त, च, क यांच्या क्षीण फुसकाऱ्यांत, म्हणजे मुख्यतः हजार-दोन हजार कंपनांच्या वर राहतो. फ्लेचर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ध्वनीचे भाग गाळून श्रोत्यांची परीक्षा घेतली, तेव्हां हेंच आढळलें: खालचा भाग काढला तर आवाज पातळ होतो, वरचा काढला तर शब्दच जातो.

आपल्या देशांतील सभांनीं याचा प्रत्यय घेतला आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या छायाचित्रांत गांधीजी व पंडित नेहरू यांच्यापुढील ध्वनिक्षेपकावर ‘शिकागो रेडिओ’ हीं अक्षरें दिसतात. ती पेढी मोटवाने कुटुंबाची. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या खटल्यांत उषा मेहता यांच्याबरोबर नानिक मोटवाने हेही आरोपी होते. त्या काळच्या मैदानांत खांबांवर बांधलेल्या कर्ण्यांतून खर्ज जवळजवळ येतच नसे. आवाज किरटा खरा, पण थोडक्या वॅटांत शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जात. मोठ्या समुदायाला विचार कळला तो त्या किरट्या आवाजांतून.

आज उलट चित्र दिसतें. उत्सवांत छाती धडधडते आणि निवेदक काय बोलला हें कोणाला कळत नाहीं. एखाद्या वाचनालयाला अगर मंडळाला थोड्या पैशांत स्वतः पेटी बनवावयाची असेल, तर हा इतिहास मोठा उपयोगी आहे. खर्जाची चैन वेगळी ठेवावी. पहिला पैसा मधल्या व वरच्या स्वरांवर खर्चावा. मधल्यांसाठीं आठ-दहा इंची कागदी पडद्याचा स्पीकर, वरच्यांसाठीं एक इंची गळ्याचा ड्रायव्हर आणि त्याला साजेसा कर्णा. अशा लहान ड्रायव्हरला साधारणतः १,५०० ते २,००० कंपनांच्या खालीं राबवूं नये. त्याखालचें काम क्रॉसओव्हरनें मधल्याकडे सोंपवावें. दोघांच्या आवाजाची चाल जुळली आहे ना, हें कानानें तपासावें. ज्याची कार्यक्षमता दुप्पट, त्याला निम्म्या शक्तीचा ॲम्प्लिफायर पुरतो. म्हणून चांगल्या कर्ण्यावर केलेला खर्च दुसरीकडे वसूल होतो. आणि कर्ण्याचें तोंड शेवटच्या रांगेकडे असावें, शेजाऱ्याच्या खिडकीकडे नव्हे. रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक लावूं नये, असें २००० सालच्या नियमांनीं बजावलेंच आहे. दिवसां तरी शेजारधर्म आपण पाळावयास नको काय?

पेटी तयार झाली म्हणजे तिची परीक्षा फ्रँक्लिनच्या रीतीनें घ्यावी. कोणाला तरी वाचावयास बसवावें आणि आपण मागें मागें चालत जावें. जेथें साप आणि ताप यांतला भेद कळेनासा होतो, तेथें आपली सभा संपते. त्यापलीकडे बसलेल्यांना आपण बोलावलें खरें, पण त्यांच्याशीं बोललों नाहीं.