रेल्वेमार्गापासून हरितमार्गापर्यंत : अमेरिकेतील दीर्घ पल्ल्याच्या सायकलमार्गांची उभारणी व अर्थपुरवठा

प्रस्तावना :
दीर्घ पल्ल्याच्या सायकलमार्गाची उभारणी हा प्रथमदर्शनी अभियांत्रिकीचा विषय वाटतो. अमेरिकेतील इतिहास मात्र वेगळे सांगतो. तेथे खडी पसरणे तुलनेने सोपे ठरले. सलग जमीन टिकवणे आणि तिची किंमत कोणी द्यायची हे ठरवणे कठीण गेले. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर उभारलेल्या हरितमार्गांच्या आधारे या प्रश्नाचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१९१६ साली अमेरिकेतील रेल्वेचे जाळे सुमारे ४ लाख कि.मी. इतके विस्तारले होते. पुढे मोटार वाहतूक वाढली आणि अनेक मार्ग बंद पडत गेले. सौम्य चढ, तयार पूल व बोगदे यांमुळे या जुन्या वाटा सायकलीसाठी सोयीच्या होत्या. विस्कॉन्सिन राज्याने एलरॉय ते स्पार्टा हा सुमारे ५१ कि.मी.चा बंद मार्ग विकत घेतला व १९६७ साली तो सायकलस्वारांसाठी खुला केला.

जमिनीच्या हक्काचा प्रश्न :
अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नसून केवळ वहिवाटीचा हक्क होता. रेल्वेचा वापर कायमचा सोडून दिल्यास तो हक्क संपुष्टात येऊन जमीन मूळ मालकाच्या वारसांकडे किंवा लगतच्या मालकाकडे जाई. असे तुकडे पडल्यावर मार्ग पुन्हा जुळवणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून १९६८ च्या राष्ट्रीय पायवाट कायद्यात १९८३ साली दुरुस्ती करण्यात आली. भविष्यातील रेल्वेसाठी वाट राखून ठेवायची आणि दरम्यानच्या काळात तेथे सायकलमार्ग चालवायचा, अशी ही 'रेल्वे-बँकिंग'ची तरतूद होय. मार्ग चालविणाऱ्या संस्थेला देखभाल, कर व कायदेशीर जबाबदारी स्वीकारावी लागते.

जमीनमालकांनी या तरतुदीस आव्हान दिले. व्हर्मांटमधील प्रिसॉल्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली ती वैध ठरविली. परंतु नुकसानभरपाई मागण्याचा मार्गही मोकळा ठेवला. १९९६ साली अपील न्यायालयाने त्याच प्रकरणात भरपाई देय असल्याचा निर्णय दिला. सार्वजनिक हिताची वाट शेतकऱ्याच्या हक्कावर फुकट उभी राहू शकत नाही, हे तत्त्व यातून स्पष्ट झाले.

केटी मार्ग व निधीचे स्वरूप :
मिसूरी राज्यात मिसूरी-कॅन्सस-टेक्सास कंपनीने १९८६ साली आपल्या एका मार्गावरील वाहतूक बंद केली. रेल्वे-बँकिंगद्वारे राज्याने ही वाट घेतली. एडवर्ड 'टेड' जोन्स व त्यांच्या पत्नी पॅट यांनी दिलेल्या २२ लाख डॉलरच्या देणगीतून जमीन व प्रारंभीचे बांधकाम शक्य झाले. १९९० साली पहिला टप्पा खुला झाला. १९९३ च्या महापुरात मार्गाची मोठी हानी झाली. कालांतराने त्याची लांबी सुमारे ३८५ कि.मी. झाली.

तथापि प्रत्येक राज्याला असा दाता लाभत नाही. १९९१ च्या संघीय वाहतूक कायद्याने महामार्ग निधीतील एका प्रमुख कार्यक्रमाचा १० टक्के भाग वाहतूकपूरक सुधारणांसाठी राखून ठेवला. सायकलमार्ग त्यात समाविष्ट होते. सर्वसाधारणपणे ८० टक्के खर्च संघीय निधीतून व उर्वरित राज्य किंवा स्थानिक संस्थेने करावा, अशी पद्धत होती. परिणामी सायकलमार्ग दानधर्माच्या कक्षेतून वाहतूक धोरणात आला.

निष्कर्ष :
बांधकामाचा निधी दिसतो, भरपाईचा खर्च सहसा दिसत नाही. प्रत्यक्षात हरितमार्गाचे मोल दोन्ही मिळून ठरते. २०१४ साली वायोमिंगमधील ब्रँट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८७५ च्या कायद्याखालील रेल्वेची वाट हा केवळ वहिवाटीचा हक्क असून रेल्वेने मार्ग सोडल्यावर तो संपतो, असे ठरविले. २०१९ साली घोषित झालेल्या, देशाच्या दोन टोकांना जोडणाऱ्या सुमारे ६ हजार कि.मी.च्या महामार्गिकेसमोरही तुटलेले दुवे जोडण्याचा हाच प्रश्न आला. आधी वाट राखणे, मालकाला न्याय्य भरपाई देणे आणि निधीचा नियमित स्रोत निश्चित करणे, हा क्रम पाळला तरच असा मार्ग टिकतो, असे या इतिहासावरून दिसून येते.