क्लॅरेन्स डॅलीचे हात

साल १८९६. न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजमध्ये, एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत तुम्ही उभे आहात. क्ष-किरणांची काचेची नळी हिरवट उजळते. ती फुंकून घडवणारा तिशीतला कारागीर क्लॅरेन्स डॅली ती नीट चालते का हे पाहायला स्वतःचाच हात पुढे धरतो. तो देतो त्या पेटीला तुम्ही डोळे लावता. आतल्या पडद्यावर त्याच्या बोटांचं पेर न् पेर दिसतं. मग तुम्हीही हात धरता. चटका नाही, साधी ऊबसुद्धा नाही. घात होतो तो इथेच.

कातडीच्या वरच्या पेशी झडत असतात आणि तळच्या थरातल्या पेशी विभागून ती जागा भरत असतात. क्ष-किरणांचा घाव बसतो तो या तळच्या पेशींवर. खालच्या बारीक रक्तवाहिन्याही हळूहळू बुजतात, म्हणून पुढे झालेली जखम भरत नाही. हे सगळं वर यायला कधी आठवडे लागतात, कधी वर्षं. डॅली तोवर रोज हात धरतच राहतो.

१९०० मध्ये त्याला पुन्हा भेटा. भुवया, पापण्या झडल्यात, चेहरा अकाली सुरकुतलाय. डावा हात सुजून ठणकतोय, म्हणून तो आता उजवा वापरतो. रात्री दोन्ही हात पाण्यात बुडवून झोपतो. थोडी विश्रांती घेतली की बरं वाटेल, असं त्याला मनापासून वाटतं. त्याला आवरायला तुमचा जीव तुटतो.

१९०२ मध्ये पायाची कातडी काढून मनगटावरच्या व्रणावर लावतात, ती धरत नाही. व्रणात कर्करोग निघतो. डावा हात कापतात, मग उजव्या हाताची चार बोटं. पुढे दोन्ही बाहू जातात. २ ऑक्टोबर १९०४ ला, वयाच्या ३९ व्या वर्षी, डॅली जातो. त्याची दशा पाहून हादरलेल्या एडिसननं क्ष-किरणांचं काम त्याआधीच सोडलेलं असतं.

मला सर्वांत जास्त सलतं ते वेगळंच. दीड मिलिमीटर शिशातून हे किरण जवळजवळ पार होत नाहीत, असं क्ष-किरण शोधणाऱ्या रोंटगेननं डिसेंबर १८९५ च्या आपल्या पहिल्याच निबंधात लिहून ठेवलं होतं. तो छापून आला तेव्हा डॅलीचे दोन्ही हात धडधाकट होते.