दोषांचा हिशेब

प्राग येथील जर्मन विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्सर हे १८८८ साली गाजरातून मिळविलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाची परीक्षा करीत असता, त्या पदार्थाने एक सोडून दोन द्रवणबिंदू दाखविले: १४५.५ अंश सेल्सियसला तो वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना ती गढूळता एकाएकी नाहीशी होऊन द्रव नितळ झाला. याचा खुलासा होईना, म्हणून त्यांनी १४ मार्च रोजी आखेन येथील ओटो लेमान यांस सविस्तर पत्र लिहून नमुने धाडले; आणि लेमान यांनी, तापत्या पदार्थाचे ध्रुवित प्रकाशात निरीक्षण करता येईल अशा आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ते ठेवून, हा पदार्थ वाहता असूनही स्फटिकाचे गुण बाळगतो, असा निर्वाळा दिला. गुस्टाफ टामान यांच्यासारख्या मातब्बर रसायनज्ञाने हे दोन न मिसळणाऱ्या द्रवांचे कालवण आहे असा आक्षेप घेतला, आणि तो वाद बरीच वर्षे चालला.

१९२२ मध्ये जॉर्ज फ्रीडेल यांनी या अवस्थांचे वर्गीकरण केले. त्यांतील एका अवस्थेत लांबट रेणू एकमेकांना समांतर राहतात, पण त्यांच्या जागा ठरलेल्या नसतात. या द्रवात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तंतू तरंगताना दिसतात. हे तंतू म्हणजे जेथे रेणूंची दिशाच ठरत नाही अशा रेषा होत. पुढे १९५८ मध्ये चार्ल्स फ्रँक यांनी त्यांची गणिती मांडणी केली. माझ्या मते या शास्त्राचा खरा इतिहास येथून सुरू होतो, कारण ज्याला दोष म्हणायचे त्याचाच हिशेब आता कोणी मांडू लागले होते.

सपाट काचेवर असे दोष टाळता येतात. गोलावर मात्र ते टळत नाहीत. डोक्यावरचे केस कितीही विंचरले तरी कोठेतरी भोवरा राहतोच, त्यातलाच हा प्रकार. प्वाँकारे यांनी १८८५ साली आणि होफ यांनी १९२६ साली सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार, गोलपृष्ठावरील अशा सर्व दोषांची बेरीज २ च आली पाहिजे; दोषाभोवती एक प्रदक्षिणा घालताना दिशा जितके फेरे घेते तितके त्या दोषाचे मोल, आणि फेरा उलटा असेल तर ते ऋण. रेणूला पुढचे-मागचे टोक नसेल तर अर्धा फेराही दोष म्हणून चालतो. म्हणून चार अर्धे दोष उद्भवतात, आणि ते परस्परांना दूर लोटत असल्याने चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर जाऊन स्थिरावतात.

पृष्ठ ताठ असेल तर गोष्ट येथेच संपते. परंतु पेशीभोवतीचे लिपिडांचे पटल लवचीक असते. ते वाकविण्यास किती ऊर्जा लागते, हे हेल्फ्रिश यांनी १९७३ साली मांडले. दोषाभोवती दिशांचा ताण साठतो आणि पटल तेथे शंकूसारखे उचलले गेले तर तो ताण हलका होतो. म्हणजे दोष वक्रतेला ओढून घेतो आणि वक्रता दोषाला. लुबेन्स्की, मॅकिंटॉश आणि प्रोस्त यांनी १९९१-९२ च्या सुमारास हा विचार पिशवीसारख्या बंद पटलांना लावला, आणि दिक्क्रम, म्हणजे रेणूंच्या दिशांची शिस्त, दृढ होताच गोल आपला आकार सोडू लागतो असे गणिताने दाखविले.

प्रयोगाने त्याची रुजुवात होण्यास दोन दशके लागली. म्युनिक येथील आंद्रेआस बाउश यांच्या गटाने २०१४ मध्ये लिपिडांच्या गोळ्यात सूक्ष्मनलिका आणि त्यांना ढकलणारी प्रथिने कोंडली. पटलालगत रेणूंप्रमाणे समांतर लागलेल्या या नलिकांच्या मांडणीतील चार दोष पृष्ठभर अखंड फिरत राहिले. गोळ्यातील पाणी कमी करून पटल सैल करताच त्यांच्या ठिकाणी टोके बाहेर येऊ लागली.

सजीवांत याचा सर्वांत सुंदर दाखला हायड्राचा. या गोड्या पाण्यातील प्राण्याचे तुकडे करूनही पूर्ण शरीर पुन्हा निर्माण होते, हे आब्राहम ट्रेम्ब्ली यांनी १७४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविले होते. इस्रायलमधील टेक्नियन संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली दाखविले की वाढणाऱ्या तुकड्यातील ॲक्टिन प्रथिनाच्या समांतर तंतूंच्या मांडणीतील दोष अवयव दिसू लागण्यापूर्वीच त्या अवयवांच्या जागी उमटतात. तोंडाशी एक पूर्ण दोष, पायाशी दुसरा. आणि प्रत्येक शुंडकाच्या टोकाशी एक पूर्ण, बुडाशी दोन ऋण अर्धे. शुंडके कितीही फुटली तरी त्यांची जमा-वजा शून्यच होते, आणि शरीराची बेरीज दोनावरच राहते.